कोरे टॉवेल

सिस्टरच्या लग्नाची सुरुवात ठोशानं झाली होती, आणि ही गोष्ट ती स्वतःच सगळ्यांना सांगायची. बाकीच्यांचे नवरे लग्नानंतर रंग दाखवतात, माझ्यानं आधी जबडा सुजवला आणि मग मागणी घातली, असं म्हणून ती पहिली हसायची, म्हणजे ऐकणाऱ्याला हसायची मोकळीक मिळायची.

गोष्ट खरी होती. चोवीस वर्षांपूर्वी, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना, ती मैत्रिणींबरोबर डोहावर पोहायला आली आणि मध्यावर तिच्या पायात गोळा आला. तेव्हा तिथे ना कठडा होता ना तिकीट. चारदोन होड्या आणि एक तरुण जीवरक्षक, एवढाच कारभार. बुडणारा माणूस वाचवणाऱ्याच्या गळ्याला मिठी मारतो आणि दोघेही जातात, म्हणून त्याची रीत ठरलेली होती. आधी जबड्यावर एक ठोसा. माणूस ढिला पडला की त्याला उलटा वळवायचा, मानेवरचे केस मुठीत धरायचे आणि ओढत न्यायचा. दोन झटके ओढायचं, एक श्वास घ्यायचा. दोन झटके, एक श्वास.

शुद्धीवर आल्यावर तिनं आरशात पाहिलं. उजव्या जबड्यावर तीन निळे ठसे होते. दोन मोठे शेजारी शेजारी, मग एक मोकळी जागा, मग एक बारीक. मोकळी जागा त्याच्या डाव्या हाताच्या अंगठीच्या बोटाची होती. ते होडीच्या दोरात अडकून मुळापासून गेलं होतं.

चौथ्या दिवशी ती केस विंचरून, नवे कपडे घालून, एक कोरा टॉवेल घेऊन त्याचे आभार मानायला परत आली. ज्यानं मारलं त्याच्याकडे इतकं नटून का जावंसं वाटलं, हे तिला अजूनही सांगता येत नसे. पण वाटलं होतं, आणि घरातल्या कुणाचं ऐकावंसं वाटलं नव्हतं. त्या टॉवेलचं पुढे पायपुसणं झालं. "आणि माझंही," असं ती वर सांगायची. नवरा समोर असला तर तोही हसायचा.

आता डोहाला बरे दिवस आले होते, म्हणजे गर्दीचे. खडकात गोल कोरलेला तो हिरवा डोह कुणीतरी फोटोत पाहिला, मग सगळ्यांनी पाहिला. एका कंपनीनं तो चालवायला घेतला. पायऱ्या आल्या, स्टीलचे कठडे आले, कपडे बदलायच्या खोल्या आल्या, उडी मारायला उंच फळी आली. वीस बाय बारा फुटांची प्रथमोपचाराची खोली आली आणि तिच्यात सिस्टर आली. नवरा उंच खुर्चीवर बसू लागला. सगळे त्याला ठोसेमामा म्हणत.

मॅनेजर आधी हॉटेलात होता. पाण्याबद्दल त्याला एवढंच माहीत होतं की ते टेबलावर वेळेवर ठेवायचं असतं. पहिल्याच हंगामात ठोसेमामांनी वाचवलेल्या एका पाहुण्यानं सुजलेल्या जबड्याबद्दल तीन पानी तक्रार लिहिली. जीव वाचल्याचा उल्लेख त्यात एका ओळीचाही नव्हता. त्या दिवसापासून पाहुण्यांवर हात उचलायला बंदी झाली. हवेचं कडं फेकायचं, आकडीचा बांबू पुढे करायचा, बस्स.

पण ती रीत मॅनेजरला आवडली होती. त्यानं तिचा खेळ केला. रोज दुपारी चारला ठोसेमामांनी गोणपाटाचा बाहुला पाण्यात सोडायचा, त्याला ठोसा मारायचा, उलटा करायचा, सुतळीचे केस धरून काठाला ओढायचा. दोन झटके, एक श्वास. दोन हंगामांत तीनशेच्या वर खेळ झाले. बघणारे पायऱ्यांवर बसायचे, निदान जे दिसायचे ते. आणि टाळ्या वाजवायचे.

तिसऱ्या हंगामाच्या आठव्या दिवशी एक फिरता विक्रेता जबडा धरून सिस्टरच्या खोलीत आला. खडकावर आपटलो म्हणाला. सिस्टरनं बर्फ लावला आणि नोंदवहीत 'खडक' असं लिहायला घेतलं. मग लेखणी थांबवून तिनं पुन्हा पाहिलं. उजवा जबडा. दोन ठसे, मोकळी जागा, एक बारीक. त्याच्या मानेवर, केसांच्या मुळाशी, रुपयाएवढी जागा सोललेली होती.

सिस्टर अंदाजावर विश्वास ठेवणाऱ्यांतली नव्हती. तिनं मोजपट्टी काढली. मोकळी जागा दोन सेंटिमीटर भरली. तिनं वहीत 'खडक' असंच लिहिलं, पण आकडा समोर टिपून ठेवला.

त्या संध्याकाळी जेवताना तिनं नवऱ्याचा डावा हात दिव्याखाली ओढला. माणसाच्या जबड्यावर मूठ बसली तर मुठीलाही त्याची खूण राहते. उंचवट्यांवर साल गेलेलं नव्हतं, सूज नव्हती.

"काय बघतेस?"

"काही नाही. नखं वाढलीत तुमची."

त्यानं हात सोडवून घेतला. "मी मारलं नाही गं कुणाला."

"माहीत आहे मला."

"माहीत असतं तर बघितलं नसतंस."

पुढच्या दहा दिवसांत आणखी तीन जण आले. एक सुतार, एक नवी नवरी, एक बँकेतला कारकून. मार चढत गेला. सुताराचा ओठ फाटला होता, नवरीचा दात हलत होता, कारकुनाच्या मानेवरून मूठभर केस कातडीसकट गेले होते. प्रत्येक वेळी मोकळी जागा दोन सेंटिमीटरच. सिस्टरनं मॅनेजरच्या नकळत कॅमेऱ्यावाल्याला चहा पाजून काठावरच्या कॅमेऱ्यांची चित्रं पाहिली. चारही वेळा तिचा नवरा खुर्चीवर बसलेला होता, कोरडा ठणठणीत, एकदा तर जांभई देत. तिला हायसं वाटायला हवं होतं. पण चोर घरात नाही हे कळल्यावर, मग तो आहे कुठे, हा प्रश्न उरतोच.

पाचवा होता व्यायामशाळेचा शिक्षक. दंड असे की बाही शिवणाऱ्याची कीव यावी. तो पाण्यातून वर आला तो रक्त थुंकत, दोन दात तळहातावर घेऊन. त्याच्याबरोबर चार मित्र होते. त्यांनी एकदा त्याच्या जबड्याकडे पाहिलं, एकदा खुर्चीवरच्या डाव्या मुठीकडे पाहिलं आणि ठोसेमामांना खाली खेचलं.

सिस्टर पट्ट्या टाकून धावली तोवर त्यांनी त्याला पायऱ्यांवर पालथा पाडला होता. एकजण वल्ह्यानं पाठीवर मारत होता. दुसरा टाचेनं त्याचा डावा हात दगडावर रगडत होता. लोक मोबाइल धरून उभे होते. ती मधे पडली, तिला कोपर लागलं, तिचा चष्मा फुटला. नवऱ्यानं शेवटपर्यंत हात उचलला नाही.

नंतर त्याच्या डाव्या करंगळीला फळी बांधताना तिनं विचारलं, एक तरी ठोसा परत का नाही दिलात.

"एक जरी दिला असता तर म्हणाले असते, बघा, हाच तो."

मॅनेजरनं दोघांना केबिनमध्ये बोलावलं. आवाज चढवला नाही, हॉटेलातली सवय. तो म्हणाला की आणखी एक जबडा फुटला तर नोकरी जाईलच, पण प्रकरण पोलिसांत देऊन आपण मोकळे होऊ, कारण कंपनीला कुणीतरी एक नाव द्यावंच लागेल. चोवीस वर्षांत या माणसानं एकशे अकरा जीव काढले होते, तिच्याकडे त्यांची यादी होती. त्या यादीच्या शेवटी मारकुट्या म्हणून त्याला बेड्या पडणार होत्या. सिस्टरनं ठरवलं की हा मार कोण देतो ते आपण शोधायचं.

दोनच दिवसांनी सहावी आली, एक शाळेतली बाई. चाळिशीची, बारीक, बोलण्यात नेटकी. जबडा फुगलेला, मानेवर तळहाताएवढी जागा केसांविना ओली लाल. मॅनेजरला कळू नये म्हणून सिस्टरनं दार लावून घेतलं आणि आज वहीत 'खडक' लिहिणार नाही असं सांगून टाकलं. बाईंनी आढेवेढे घेतले नाहीत.

"कुणी मारलं?"

"मारलं नाही हो. वाचवलं."

"तुम्ही बुडत होतात?"

"नाही. वर यायला निघाले होते." औषध झोंबलं तशा त्या थांबल्या. "तेवढ्यात त्यानं ठोसा दिला, उलटं केलं आणि केस धरून ओढायला लागला. अगदी व्यवस्थित. घाई नाही, काही नाही."

"वर ओढलं?"

धड्याचा पहिलाच प्रश्न चुकलेल्या मुलीकडे बघावं तसं बाईंनी सिस्टरकडे बघितलं.

"वर काय आहे?" त्या म्हणाल्या.

सिस्टरनं औषधाचा बोळा खाली ठेवला. मग सुटलात कशा, असं तिनं विचारलं. बाईंना त्या प्रश्नाचं जरा वाईटच वाटलेलं दिसलं. सुटले कसली, म्हणाल्या, त्याच्या हातात नुसते केस राहिले.

त्यानंतर दोन दिवसांनी व्यायामशाळेचा शिक्षक परत आला. एकटा, इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. सिस्टरला वाटलं, माफी मागायला आला असेल. ती खिडकीतून बघत राहिली. तो ठोसेमामांच्या खुर्चीजवळून गेला, त्यांच्याकडे ढुंकूनही न बघता. त्याच्या काखेत काहीतरी घडी केलेलं होतं. तेवढ्यात एक खरचटलेला गुडघा दारात आला आणि तिला वळावं लागलं. परत बघितलं तेव्हा पायऱ्यांवर नेहमीची गर्दी होती.

संध्याकाळी झाडूवाल्या मावशी 'हरवलं-सापडलं'च्या कपाटात टॉवेल ठेवत कुरकुरत होत्या. लोकांची कमाल आहे, म्हणाल्या, इतका चांगला टॉवेल आणतात, घडीसुद्धा मोडत नाहीत आणि दगडावर ठेवून जातात. सिस्टरनं कपाट उघडलं. चपला, गॉगल, पाण्याच्या बाटल्या. आणि खालच्या कप्प्यात पाच टॉवेल, एकावर एक. पाचही कोरे. पाचांनाही दुकानाची चिठ्ठी तशीच लावलेली.

डोहात उतरायला आलेल्या माणसाचा टॉवेल कोरडा कसा राहील?

तिनं मावशींना विचारून प्रत्येकाचा दिवस काढला आणि नोंदवहीतल्या पाच जखमांशेजारी पाच तारखा मांडल्या. प्रत्येक तारीख जखमेनंतर चौथ्या दिवसाची होती. आपला हात जबड्याकडे गेल्याचं तिला मागाहून कळलं.

नवऱ्याला तिनं हे सांगितलं नाही. चोवीस वर्षं जी गोष्ट हसून सांगितली तिच्याबद्दल आता काय बोलायचं हे तिला कळेना. शिवाय शाळेतल्या बाईंचा चौथा दिवस परवाच होता.

त्या दिवशी ती दुपारी तीनपासून पायऱ्यांवर उभी राहिली. पावणेचारला ठोसेमामा फळी बांधलेल्या करंगळीनिशी बाहुला घेऊन काठावर आले. मॅनेजरनं खेळ रद्द केला नव्हता, तिकिटावर छापलेला होता ना. लोक बसले. ऊन थेट पाण्यात पडलं होतं आणि तीन पुरुष खोलीपर्यंतचा खडक स्वच्छ दिसत होता.

चारला बाई आल्या. साधे, पण नवे कपडे. पलीकडच्या पायऱ्यांनी त्या खाली उतरल्या, टॉवेल दगडावर ठेवला, त्याचं टोक सरळ केलं. सिस्टरनं हाक मारली. बाईंनी मान वळवून ओळखीचं हसू दाखवलं आणि कपड्यांनिशी पाण्यात चालत गेल्या. गुडघे. कंबर. डोकं.

लोकांना तो खेळाचाच भाग वाटला. टाळ्या पडल्या.

ठोसेमामांनी बाहुला टाकला आणि उडी मारली.

सिस्टर उंच फळीखालच्या कट्ट्याकडे धावली. तिथून सगळं दिसत होतं. त्यानं बाईंना गाठलं. बाई झटापट करत नव्हत्या, नुसत्या खाली जात होत्या. त्यानं केस धरायला हात घातला. मानेवर केस नव्हते.

मग त्याचं डोकं उजवीकडून डावीकडे फेकलं गेलं.

त्याच्या समोर कुणी नव्हतं. स्वच्छ पाणी होतं, ऊन होतं, पलीकडचा खडक होता. पुन्हा त्याचं डोकं फेकलं गेलं. जबडा वाकडा झालेला तिला वरून दिसला. तोंडातून रक्ताचा धागा निघाला आणि पाण्यात लोंबत राहिला.

त्यानंही मारलं. चोवीस वर्षांची मूठ, फळीसकट. एकदा, दोनदा. कशावर तरी ती बसत होती, कारण दर वेळी मध्येच थांबत होती.

तिसरा ठोसा त्याला बसला. तो ढिला पडला.

मग तो पाण्यात उलटा वळला. सावकाश, जसा बाहुला वळवतात तसा. डोकं खाली, पाय वर. आणि जायला लागला.

वर टाळ्या थांबल्या नव्हत्या.

सिस्टरनं आकडीचा बांबू घेतला, कट्ट्यावर आडवी पडली आणि तो खांद्यापर्यंत पाण्यात खुपसला. आकडी त्याच्या पट्ट्यात अडकली. तिनं ओढलं. पलीकडून ओढ आली. तिचे तळहात सोलले, छाती दगडावर घासत पुढे गेली.

पलीकडे एक झटका. मग दुसरा.

मग काही नाही.

पुन्हा दोन झटके. पुन्हा काही नाही.

तिला ती लय पाठ होती. तिच्या स्वतःच्या मानेला पाठ होती. दोन झटके, एक श्वास.

ती झटक्यांना नुसती धरून राहिली. श्वासाची जागा आली की ओढलं. धरून राहिली. श्वासाला ओढलं. धरून राहिली. ओढलं.

तो वर आला.

जबडा दोन ठिकाणी मोडला होता, चार दात गेले होते, मान मागून सोलली होती. बाई वर आल्या नाहीत. पाणबुडे दोन दिवस उतरले. तळ अकरा मीटरवर, स्वच्छ वाळू, एक बांगडीसुद्धा नाही. मॅनेजरनं 'देखभालीसाठी बंद' अशी पाटी लावली. पोलिसांनी फक्त त्या दिवसाची कॅमेऱ्याची चित्रं पाहिली. बाई आपल्या पायांनी उतरताना दिसत होत्या आणि ठोसेमामांनी काढायची शर्थ केलेली दिसत होती. त्यांच्यावरचा आळ गेला. मॅनेजर इस्पितळात येऊन त्यांना शूर म्हणाला आणि नोकरी पक्की असल्याचं सांगून गेला.

डॉक्टरांनी तारांनी जबडा बांधला. सहा आठवडे बोलायचं नाही. सिस्टरनं त्याच्या गालावरची सूज थोडी उतरू दिली आणि मग, मनात नको नको म्हणत, मोजपट्टी लावली. दोन सेंटिमीटर.

तिनं नोंदवहीतले नंबर घेऊन इस्पितळाच्या जिन्यात बसून पहिला फोन लावला. फिरत्या विक्रेत्याच्या आईनं उचलला. तो तसाही महिनामहिना फिरतीवर असतो, त्यामुळे तिला काळजी नव्हती. या वेळी मात्र जाताना नवा शर्ट घालून गेला, म्हणाली, कुणाचे तरी आभार मानायचेत म्हणाला. सिस्टरनं फोन ठेवला. बाकीचे नंबर तिनं लावले नाहीत.

तिसऱ्या दिवशी तिनं त्याला घरी आणलं. रात्रभर त्याच्या मनगटाला धरून ती जागी राहिली. तो शांत झोपला होता. पहाटे कधीतरी तिचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा आतल्या खोलीत नळ वाहत होता. तो आरशासमोर उभा होता. दाढी झालेली होती. अंगात तो शर्ट होता जो त्यानं भाचीच्या लग्नानंतर कधी घातला नव्हता, आणि तो मानेवरच्या उघड्या जागेवर केस ओढून ओढून, फार काळजीनं, भांग पाडत होता.

"अहो," ती म्हणाली. "कुठे निघालात?"

तो आरशातून तिच्याकडे बघून हसला, तारांमुळे जमेल तेवढं. चोवीस वर्षांत एवढं समजूतदार हसू तिनं त्याच्या तोंडावर पाहिलं नव्हतं. बोलता येत नाही, असं त्यानं बोटानं जबडा दाखवून सांगितलं.

दाराजवळच्या खुर्चीवर टॉवेल होता. घरातला नव्हता. त्याची घडी मोडलेली नव्हती, आणि चिठ्ठी लोंबत होती.

तिनं दाराला कडी घातली, आडवी उभी राहिली आणि दोन्ही हातांनी त्याचा शर्ट मुठीत धरला.

त्यानं कंगवा खाली ठेवला. तिच्याकडे बघताना त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. बुडणाऱ्या माणसानं गळ्याला मिठी मारली की वाचवणाऱ्याच्या डोळ्यांत जी दया येते, ती होती. त्यानं तिची हनुवटी उजव्या हातानं हलकेच वर केली आणि डावी मूठ आवळली.